लेथ जमिनीत रोवला तेव्हा

अर्धी चादर पिळून झाली होती. उरलेली अर्धी अजून बादलीत लोंबत होती आणि ताईची मनगटं भरून आली होती. मोठी चादर एकट्या बाईने पिळायची म्हणजे एक टोक नळाला बांधावं लागतं. ती ते बांधतच होती, तेवढ्यात मागच्या दाराने तिचा धाकटा भाऊ आला. त्याने ते टोक हातात घेतलं आणि उलट्या बाजूने पीळ द्यायला लागला. आईच्या घरी धुण्याच्या दिवशी दोघांचं हेच काम असे, ते अंगवळणी पडलेलं.

"आज कचेरीला दांडी?" ताईने विचारलं. धाकटा विम्याच्या कचेरीत कारकून होता आणि दांडी मारणाऱ्यातला नव्हता.

"अर्धी रजा काढली. ताई, एक सांगायचंय. चिडणार नाहीस ना?"

"म्हणजे चिडण्यासारखंच आहे. बोल."

"परवा तपासनीस येतोय. दुकानात."

ताईचे हात थांबले नाहीत. पाणी बादलीत पडत राहिलं.

"नवा नियम आलाय," धाकटा म्हणाला. "ज्याच्या नावावर दुकान, त्यानेच ते चालवलं पाहिजे. नुसतं नाव दिलेलं सापडलं तर दुकान जप्त, आणि नाव देणाऱ्यावर खटला. माझी नोकरी जाईल ताई."

"मग?"

"मग काही नाही, एक सही. तू माझ्याकडे पगारावर कामाला आहेस म्हणून. कागदावर गं. नुसतं कागदावर."

"आणि लेथ?"

धाकट्याने पिळलेली चादर झटकली आणि दोरीवर पसरायला घेतली. नेहमी हे काम तो तिच्यावर टाकून पळायचा. "लेथ जमिनीला बसवलाय ना," तो चादरीच्या पलीकडून म्हणाला. "तो दुकानाबरोबर लिहिला जाणार."

"कुणाच्या नावावर?"

चादरीमागे तो चिमटे लावत राहिला.

ताईचं वय आता पन्नाशीकडे झुकलेलं. गल्लीत तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून मोठे होते ते सुद्धा. लेथवर लोखंड कातायचं काम ती नवऱ्याकडून शिकली, आणि नवरा गेल्यावर दुकान तिनेच चालवलं. हाताला काळं तेल इतकं मुरलेलं की प्रार्थनेला हात जोडले तरी नखांच्या कडा काळ्याच. देवाला ती रोज सकाळी भेटायची, आणि भांडायचं झालं तरी आधी हात जोडून मग भांडायची. ह्या देशात ती जन्मली, तिचे आईबाप, आजापणजा इथल्याच मातीत गेले. पण ती इथली नव्हती. म्हणजे कायद्याने नव्हती.

कायदा असा होता: इथल्या बाईने पलीकडच्या देशातल्या पुरुषाशी लग्न केलं, की तिचं नागरिकत्व गेलं. सह्या झाल्या त्या दुपारी तिच्याकडून ओळखपत्र काढून घेतलं आणि हातात 'रहिवासी परकीय' असं छापलेलं दुसरं दिलं. घेणाऱ्या बाईने वर तोंडभरून अभिनंदनही केलं. उलट इथल्या पुरुषाने पलीकडची बायको आणली, तर तिला मात्र नागरिकत्व मिळे. धाकट्याने तेच केलं होतं. त्याची बायको ताईच्या नवऱ्याच्याच गावाकडची. ती इथे आली तेव्हा तिला बाजारात भाव सुद्धा विचारता येत नव्हता, ताईच तिच्यासोबत जायची. ती भावजय आज मतदान करत होती आणि ताई मतदानाच्या दिवशी तिची मुलं सांभाळत होती. ह्याच्यावर कुणी हसायचं आणि कुणी रडायचं, देवच जाणे.

नवरा गेल्यावर ताईने अर्ज केला. म्हटलं, ज्याच्यामुळे नाव गेलं तो माणूसच राहिला नाही, आता तरी माझं मला परत द्या. खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, नवरा वारला म्हणजे लग्न झालंच नव्हतं असं होत नाही." त्याला ते फार हुशारीचं वाटलं असावं, कारण त्याने शेजारच्या टेबलाकडे बघितलं, आणि शेजारचा हसला.

गल्लीत बहुतेकांची अशीच कथा. कारखान्यांना माणसं कमी पडत होती तेव्हा सरकारने पलीकडून कारागीर बोलावून आणले. ते इथेच राहिले, त्यांना इथे पोरं झाली, त्या पोरांना पोरं झाली. पण मूल बापाच्या देशाचं, हा कायदा. ज्या देशात पाऊल ठेवलं नाही, त्या देशाचे म्हणून ही माणसं इथे जगत होती. वेल्डिंग, ओतकाम, पॉलिश, गिअर कापणं, सगळी कला ह्या एका गल्लीत भरलेली. पण परक्याच्या नावावर जागा होत नाही, परवाना होत नाही, बँक दारात उभं करत नाही. म्हणून प्रत्येक दुकानाला एक नावमालक. कुणी दुधवाला, कुणी निवृत्त मास्तर, कुणाचा मेहुणा. त्याने नाव द्यायचं, ह्याने घाम द्यायचा.

आणि त्यातून गल्लीची ती जगावेगळी रीत पडली. कायदा म्हणे, जमिनीला जखडलेली वस्तू ती जागेची, आणि जागा नावमालकाची. चाकावर उभी ती कारागिराचं हत्यार, ती त्याची. तेव्हा गल्लीत सगळंच चाकांवर. ड्रिल मशीन चाकांवर, भट्टी चाकांवर, वेल्डरची ऐरण सुद्धा चाकांच्या सांगाड्यावर. वेल्डर म्हणायचा, "आपल्या गल्लीला फक्त हॉर्न लावायचा राहिलाय." नावमालकाशी बिनसलं की त्याच दुपारी अख्खं दुकान ढकलत समोरच्या, दुसऱ्या कुणाच्या नावावरच्या शेडमध्ये.

हसायला ठीक आहे. पण लेथ चाकांवर ठेवून बघा. लोखंड कापायला लागलं की मशीन थरथरतं, आणि ती थरथर कापलेल्या लोखंडावर उतरते, समुद्राच्या पाण्यासारख्या लाटा. मोठं काम घ्यायचं तर लेथ काँक्रीटच्या पायावर बोल्टने आवळून बसवावा लागतो, पाणसळीने पातळी बघून. ते कुणी करणार नाही. म्हणून गल्ली खिळे, पिना, बिजागऱ्यांवर जगली. मोठं काही लागलं की जहाजातून येणार. ज्यांच्या हातात ते करायची कला, त्यांनी बंदरावर जाऊन तेच उतरवायची हमाली करायची. ताईची लेक नकाशे काढायला शिकली, हुशार निघाली, आणि परदेशी गेली. तिकडे तिने स्वतःच्या नावाची पाटी लावली. आपण जिला परकी म्हणून घालवली, ती त्यांनी मुकाट्याने ठेवून घेतली. आणि मग इकडचे मंत्री भाषणात विचारणार, आपला देश मागे का?

मोठा लेथ नवऱ्याने घेतला होता, एका बंद पडलेल्या कारखान्यातून. त्यासाठी दोघांनी सणासुदीला कपडे घेणं सोडलं होतं, लग्नातल्या बांगड्या गेल्या होत्या. नवरा जाईपर्यंत आणि त्यानंतरही लेथ गोणपाट पांघरून चाकांच्या सांगाड्यावर उभा होता. त्याच्यावर ताई दाराच्या कड्या कातायची. बैल जुंपून चहाचा कप ओढावा तसं.

मग पाणीखात्याचा इंजिनियर आला. गावाच्या वरच्या वस्तीत पाणी चढवणाऱ्या पंपाचा शाफ्ट, म्हणजे आतला फिरता दांडा, चिरला होता. परदेशातून यायला अर्धं वर्ष. वरच्या बाया घागरी घेऊन टँकरमागे धावत होत्या. इंजिनियर सरळ माणूस होता, आडपडदा नव्हता. म्हणाला, "तुमच्या यजमानांचं काम मी पाहिलंय. हा एक करून द्या. जमला तर सगळ्या पंपांचे तुमच्याकडेच."

"त्याला लेथ जमिनीला बसवावा लागेल."

"मग बसवा की."

त्याला काय माहीत.

ताईने चार दिवस विचार केला. गल्ली समजवायला आली. पॉलिशवाले काका, ज्यांचं दुकान आयुष्यात तीनदा ढकललं गेलं होतं, ते म्हणाले, "बाय, चाकं काढू नकोस. आज वरच्या वस्तीला पाणी पाजशील, उद्या स्वतः कोरडी राहशील."

"काका, माझा नावमालक कुणी दुधवाला नाही. माझा भाऊ आहे. कडेवर खेळवलाय मी त्याला."

"तेच म्हणतोय. दुधवाल्याशी भांडता तरी येतं."

तिने ऐकलं नाही. खड्डा खणला, काँक्रीट ओतलं, बोल्ट रोवले, आणि साऱ्या गल्लीने पाइपांवरून ढकलत लेथ पायावर चढवला. धाकटाही शर्टाच्या बाह्या सारून आला होता. नट आवळून झाल्यावर ताईने पहिला खोल कट घेतला. लेथ हलला नाही. निळसर, जाड, अखंड साल लोखंडावरून सुटत राहिली आणि खाली दांडा आरशासारखा निघाला. ताईने डोळे मिटून देवाचे आभार मानले आणि दांड्यावर थेंब पडू नये म्हणून पदराने तोंड पुसलं.

ते झालं होतं, आणि आता धाकटा चादरीमागे उभा होता.

"बाहेर ये," ताई म्हणाली. "तोंड दाखवून बोल. लेथ कुणाचा?"

"तुझाच गं. सगळ्यांना माहीत आहे."

"तपासनीसाला?"

"त्याला कसं सांगणार? तेच तर गुन्हा आहे!"

"मग आपसात लिहून दे."

"ते सापडलं तर मी आत जाईन. दोन मुलं आहेत मला."

तो लबाड नव्हता, हेच वाईट होतं. लबाड असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. लहानपणी कुत्रं भुंकलं की ताईच्या मागे लपायचा, तसा आता कायद्याच्या मागे लपला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजय दुकानात आली, सोबत तिचा भाऊ. तोही पलीकडचाच, बहिणीच्या नात्याने गेल्या वर्षी नागरिक झालेला. चकचकीत बूट. लोखंडाचा चुरा बुटाला लागू नये म्हणून तो उंबऱ्यातच थांबला.

"वन्सं, रागावू नका," भावजय म्हणाली. "ह्यांना कचेरी सोडून इथे बसता येणार नाही. तपासनीसाला कुणीतरी चालवणारा दाखवायला हवा. माझा भाऊ बसेल टेबलावर."

"काय करील तो टेबलावर?"

"व्यवस्था बघेल."

"लेथ चालवता येतो?"

"चालवायला तुम्ही आहात की!" भावजय गोड हसली. "पगार वेळेवर मिळेल. घरचीच माणसं आपण."

"पहिल्यांदा आलीस तेव्हा तुला परतीची वाट सापडत नव्हती, मी हाताला धरून आणली. आठवतंय?"

"आठवतंय की. उपकार विसरले नाही मी. पण वन्सं, कायदा काय मी केला? मला दिलं ते मी घेतलं. तुम्हाला दिलं नाही, त्यात माझा काय दोष?"

ते खरं होतं. त्या चकचकीत बुटांकडे बघून तिला कळलं: हा इथे बसणार. पहिल्या वर्षी व्यवस्था बघेल, दुसऱ्या वर्षी लेथ चांगल्या गिऱ्हाइकाला विकेल, आणि विकताना त्याच्या बाजूने कायदा उभा असेल. आणि तोवर ती, जिच्या बांगड्या त्या लेथमध्ये गेल्या, ती त्याला नमस्कार करून रजा मागेल.

संध्याकाळी ती पाणीखात्याच्या इंजिनियरला भेटली. सगळं सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला.

"मी काय करू ताई? माझं खातं पाण्याचं. नागरिकत्वाचं खातं वेगळं."

"सरकार एकच ना?"

"एकच आहे हो. पण आम्ही एकमेकांशी बोलत नाही." तो स्वतःच हसला. "शाफ्ट कुठवर आलाय?"

"अर्धा झालाय."

"पुरा करा. मग काय ते बघा. वरची वस्ती..."

"मला माहीत आहे वरची वस्ती." ताईचा आवाज चढला. "माझ्याकडे मोलकरीण नाही, मीच आहे माझी मोलकरीण, मला माहीत आहे पाणी भरणं म्हणजे काय. पण शाफ्टला अजून आठवडा लागेल आणि तपासनीस उद्या येतोय. उद्या तो पायावर उभा दिसला की माझा राहत नाही. त्या बायांना पाणी मी द्यायचं, आणि मला कोण देणार? तुम्ही?"

त्याने मान खाली घातली. त्याच्यावर ओरडून काही उपयोग नव्हता हे तिला कळत होतं. पण ज्याच्यावर ओरडायचं तो कुठल्या खिडकीमागे बसतो, हे अजून कुणी तिला सांगितलं नव्हतं.

सकाळी तिने प्रार्थना केली. छोटी केली. देवा, मी कुणाचं घेत नाहीये, एवढंच बोलली. मग दुकान उघडून मोठा पाना घेतला आणि पहिल्या नटाला लावला.

हाक मारावी लागली नाही. पान्याचा आवाज गल्लीला कळतो. वेल्डर पहार घेऊन आला, ओतकामवाले दोघे भाऊ चेनपुली घेऊन, पॉलिशवाले काका पाइप घेऊन. काकांनी 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही, त्याबद्दल ताई त्यांना जन्मभर दुवा देईल. अर्धा कातलेला शाफ्ट तिने लेथच्या चकमधून, पकडीतून सोडवला, गोणपाटावर ठेवला. अर्धा आरसा, अर्धा खरबरीत.

लेथ पायावरून उचलला जात होता तेव्हा धाकटा धावत आला.

"ताई, काय करतेयस! तपासनीस दहा मिनिटांत..."

"म्हणून तर घाई आहे. सर बाजूला."

"अगं मी काय दाखवू त्याला? रिकामी जागा?"

"दाखव तुझं दुकान. नाव तुझंच आहे ना? आता माल पण तुझा तेवढाच, नुसतं नाव."

"आपल्या भावाला असं करतेस?"

ताईने पाना खाली ठेवला. तिला खूप बोलायचं होतं, आणि ती बोलली. "तुझ्यासाठी मी चाकं काढली होती. गल्लीत कुणी बापासाठी काढत नाही. तुला भीती वाटते, वाटू दे, मी तुला भित्रा म्हणून काही आजच ओळखत नाही. पण तू बायकोच्या भावाला टेबल दिलंस आणि बहिणीला पगार. ते कायद्याने नव्हतं सांगितलं. ते तू स्वतः केलंस."

लेथचं एक टोक तिरकं झालं तेव्हा सवयीने धाकट्याचा हात पुढे आला. वेल्डर म्हणाला, "राहू द्या मालक, हाताला तेल लागेल." गल्लीत कुणी हसलं नाही.

तपासनीस आला तेव्हा लेथ समोरच्या शेडमध्ये चाकांच्या सांगाड्यावर पोचला होता. तपासनीसाने रिकाम्या दुकानात चक्कर मारली. काँक्रीटच्या पायातून वर आलेले बोल्ट बघितले. "इथे काय होतं?"

चकचकीत बूटवाल्याने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने जमिनीकडे.

"बोल्ट," ताई रस्त्यापलीकडून म्हणाली. "बोल्ट होते. लिहून घ्या."

त्याने खरंच लिहून घेतलं.

दुकान जप्त झालं नाही, धाकट्यावर खटला झाला नाही. दाराला आता कुलूप आहे. नियमाने सगळं चोख झालं: परक्या बाईने इथल्या जागेवर धंदा केला नाही, आणि इथल्या पंपाचा शाफ्ट इथे झाला नाही. कुणीतरी कचेरीत ह्याला यश म्हणून मांडणार, ताईची खात्री होती. तिच्या रागाला आता धार राहिली नव्हती, नुसतं वजन राहिलं होतं, आणि ते उचलून रोजची कामं करायची होती.

मोठा लेथ चाकांवर पुन्हा थरथरायला लागला. त्यावर तिने सकाळपासून बिजागऱ्यांच्या पिना काढल्या. लेकीचा फोन आला. "आई, तू इकडे ये. लेथ पण आण. इथे जमिनीला बसवता येतो." ताई म्हणाली, "बघू." ह्याआधी ती नेहमी 'नाही' म्हणायची.

मग तिने हात धुतले, अर्धा शाफ्ट गोणपाटात गुंडाळला, आणि वेल्डरच्या मदतीने हातगाडीवर चढवला. तो खात्याचा माल होता, खात्याला परत करायला हवा होता. कचेरी चारला बंद होते. ती हातगाडी ढकलत पाणीखात्याकडे निघाली.